जुन्या गाडीला महागडं पेट्रोल घालावं का?

प्रश्न : आमच्याकडे १९९८ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. यजमानांनी हौसेने घेतली होती, ते गेल्यापासून मीच चालवते. रोजचं जाणं-येणं गावातल्या गावात, म्हणजे राजवाडा, भाजी, कधी एखादा गाण्याचा कार्यक्रम. महिन्या-दोन महिन्यांनी बडवाहला माहेरी जाते. तिथून परत येताना चोरल-सिमरोलचा घाट चढायला लागलं की इंजिनातून टकटक, खडखड असा आवाज येतो. चौघं बसलेले असले आणि एसी लावला की जास्तच. घरी येऊन चावी बंद केली तरी इंजिन दोन-चार झटके देऊन मग थांबतं. पूर्वी सतराचं अ‍ॅव्हरेज मिळायचं, आता चौदाच्या वर जात नाही. पंपावरचा मुलगा म्हणाला, “आंटीजी, पुरानी गाडी है, प्रीमियम डलवाओ, इंजन साफ रहेगा.” तेव्हापासून ९५ ऑक्टेनचं घालते, लिटरमागे आठ रुपये जास्त पडतात. भाचा म्हणतो की घालायचंच तर १०० ऑक्टेनचं घाल, ते १६०च्या घरात आहे. साधं १०६च्या आसपास. आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, पण गेलेला नाही. मिस्त्री म्हणतो हेड खोलावं लागेल. गाडी मला विकायची नाही. काय करू?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. प्रीमियम पेट्रोल बंद करा आणि त्या पैशात गाडीची राहून गेलेली कामं करून घ्या. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलायची घाई मात्र करू नका. घाटातला आवाज, चावी बंद केल्यावरचे झटके आणि अ‍ॅव्हरेजची घसरण या तीन गोष्टी तुम्ही एकाच पत्रात लिहिल्यात हे फार बरं झालं, कारण त्या एकत्र वाचल्या की दुखणं कुठे आहे ते बरंचसं कळतं.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद, असा समज सगळीकडे आहे. ९१पेक्षा ९५ जोरदार आणि ९५पेक्षा १०० जोरदार. पण एक लिटर पेट्रोल जाळून किती ऊर्जा मिळते, ते हा आकडा सांगतच नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि दाबलं की तापतं. मग प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत प्लगपासून सुरू होऊन कडेपर्यंत सरकत जाते. ज्योत पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपलं आपणच पेटलं, तर दाबाच्या लाटा पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. घाटात तुम्हाला ऐकू येतो तो हाच आवाज. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. अशा आपोआप पेटण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, तेवढंच ऑक्टेनच्या आकड्यावरून समजतं. १९२६ साली ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी सुचवली. चटकन नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य आणि चिवट आयसो-ऑक्टेनला शंभर. बाकी सगळी पेट्रोलं या दोघांच्या मिश्रणाशी ताडून बघायची.

आता तुमचं इंजिन घ्या. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) नऊच्या आत. ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा देशात ८७-८८ ऑक्टेनचं पेट्रोल सर्रास विकलं जात होतं आणि गाडी त्यावर विनातक्रार घाट चढत होती. पुढे साध्या पेट्रोलचा आकडा ९१वर गेला. आणि आता पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन आकडा १०८च्या पुढे. त्यामुळे या ई-२० पेट्रोलचा आकडा ९५पर्यंत पोचतो, असं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ साली स्वतःच सांगितलं आहे.

म्हणजे तुमच्या गाडीला जेवढं लागतं त्याहून बरंच जास्त ऑक्टेन आज साध्या नळीतूनच मिळतंय. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर. इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ, सिलिंडरमध्ये कमी भरते, त्यामुळे नॉकिंगचा धोकाही थोडा कमीच. एवढं सगळं बाजूने असताना ८००चं इंजिन नॉक करत असेल, तर दोष पेट्रोलमध्ये शोधू नका. इंजिनात काहीतरी जागेवरून हललंय किंवा साचलंय. (पेट्रोलात रॉकेलची भेसळ असेल तरच पेट्रोलवर संशय घ्यावा, कारण रॉकेलचा ऑक्टेन आकडा अगदीच खालचा असतो. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा, घनता तपासून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे आणि मागायला संकोच करू नये.)

प्रीमियम घातल्यावर आवाज कमी वाटला, तरी त्यावर जाऊ नका. ऑक्टेनचा आकडा थोडा वर गेला तरी आवाज फक्त दबतो. कारण तसंच राहतं आणि हळूहळू वाढत जातं.

माझी नोकरीची सगळी वर्षं पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगमध्ये गेली. टेस्ट बेडवर इंजिन पूर्ण लोडवर चालवायचं, ठिणगीचं टायमिंग थोडं थोडं पुढे सरकवायचं आणि नॉकिंग कुठे सुरू होतं ते ऐकायचं. इंजिनाच्या ब्लॉकला तांब्याची नळी बोल्टने आवळलेली असे, तिचं दुसरं टोक रबरी नळीने कानावरच्या मफपर्यंत आणलेलं. बाहेर पंख्याचा आणि एक्झॉस्टचा एवढा गोंगाट की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येऊ नये, पण त्या नळीतून पहिली बारीक टिकटिक स्पष्ट यायची. टायमिंग जरासं मागे घेतलं की टिकटिक बंद, पुढे केलं की हजर. पेट्रोल तेच, इंजिन तेच. म्हणून नॉकिंगचं नाव निघालं की माझा हात आधी डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्लगांना वेळेवर ठिणगी पोचवणाऱ्या भागाकडे, जातो.

तुमच्या गाडीतही तिथूनच सुरुवात करायला सांगा. जुन्या गाडीचं पिकअप कमी झालं की पुष्कळ मिस्त्री डिस्ट्रिब्युटर ढिला करून टायमिंग थोडं पुढे करून देतात. गावात गाडी चटपटीत वाटते, गिऱ्हाईक खूश होतं आणि घाटात नॉकिंग सुरू होतं. कानाच्या अंदाजाने नको, टायमिंग लाइट लावून कंपनीने दिलेल्या खुणेवर आणायला सांगा. त्याच वेळी डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा बघायला सांगा. त्या सैल पडल्या असतील तर खूण आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन सुरू असताना) बरोबर दिसते आणि वेग वाढला की टायमिंग वाजवीपेक्षा पुढे पळतं. बाजूच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या डबीतला पडदा फाटला असेल तर उलट होतं. साध्या चालीत टायमिंग मागे राहतं आणि अ‍ॅव्हरेज खातं. पडदा तपासायला नळी तोंडात धरून हवा ओढली तरी पुरे. आतला दांडा हलला पाहिजे आणि जीभ लावून नळी बंद केल्यावर तसाच धरून राहिला पाहिजे.

मग तिन्ही प्लग काढून उजेडात बघा. हे तुम्ही स्वतः बघा ताई, मिस्त्रीवर सोडू नका. मधल्या पांढऱ्या चिनीमातीचा रंग फिकट तपकिरी असेल तर ठीक. अगदी पांढराफटक असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय, आणि असं मिश्रण गरम जळतं. काळा, सुका थर असेल तर उलट, पेट्रोल जास्त. आणि त्या पांढऱ्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके दिसले, तर त्या सिलिंडरमध्ये नॉकिंग बरेच दिवस चालू आहे असं समजा. त्यातले चमकणारे ठिपके पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असतं. ते दिसले तर गाडी घाटात नेणं आजपासून थांबवायचं, आधी काम करायचं. प्लग नवे घालताना कंपनीने सांगितलेल्याच नंबरचे घाला. दुकानदार “हा पण चालतो” म्हणून जास्त गरम राहणारा प्लग देतो आणि तेवढ्यानेही नॉकिंग होऊ शकतं.

चावी बंद केल्यावरचे झटके कार्बनकडे बोट दाखवतात. सिलिंडरच्या डोक्यावर आणि पिस्टनवर कार्बनचा कडक काळा थर बसतो, त्याच्या कडा तापून लाल होतात आणि ठिणगी बंद झाली तरी कार्ब्युरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातून) येणारं पेट्रोल त्या पेटवत राहतात. हाच थर जागा अडवतो म्हणून कॉम्प्रेशनही वाढतं आणि इंजिनाची ऑक्टेनची भूक वाढते. म्हणून १९९८मध्ये ८७वर चालणारं इंजिन आज ९५वर कुरकुरतं. (आयडलिंग फार वर ठेवलं असेल तरीही झटके येतात. ते आधी कमी करून बघा.)

कार्बन साचतो कशाने? तुमच्या गाडीच्या बाबतीत माझा संशय थर्मोस्टॅटवर आहे. हा छोटा वॉल्व्ह साधारण ८२ अंशांना उघडतो, तोवर पाणी रेडिएटरमध्ये जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. आपल्याकडे गाडी एकदा उन्हाळ्यात तापली की मिस्त्री हा वॉल्व्ह काढून फेकून देतो, “आपल्या हवेत याची गरजच नाही” म्हणतो. मला याचा मनापासून राग येतो. वॉल्व्ह काढला की लोकमान्य नगर ते राजवाडा एवढ्या अंतरात इंजिन कधी नीट गरमच होत नाही. थंड इंजिनात पेट्रोल पुरतं जळत नाही, कार्बन धरतं, ऑइल काळं पडतं, पेट्रोल जास्त लागतं. गाडी सुरू करून दहा-बारा मिनिटं चालवल्यावरही टेम्परेचरचा काटा तळालाच राहत असेल, तर वॉल्व्ह आत नाही असं समजा. नवा फार महाग नसतो. तो बसवताना रेडिएटरही साफ करून घ्या. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं असेल तर क्षार धरून आतल्या नळ्या अर्ध्या बुजलेल्या असणार. पुढे पाणी नको, कूलंटच घाला.

हेड खोलण्याबद्दल. कार्बन काढायचा तो उपाय पक्का आहे, पण त्यात गॅस्केट, हेडचे बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळणं, सगळं आलं. काम कच्चं झालं तर नवी दुखणी लागतात. आधी वरची कामं करा. मग प्लगच्या भोकांतून डिकार्बचं, म्हणजे कार्बन सोडवणारं, द्रव सोडून रात्रभर ठेवतात, सकाळी प्लग न लावता इंजिन फिरवून ते बाहेर काढतात आणि लगेच ऑइल बदलतात, ते करून बघा. एवढं करूनही उन्हाळ्यात घाटात आवाज राहिला तर खुशाल हेड खोला. तेव्हा इंजिनाचे वॉल्व्हही घासून होतील.

अ‍ॅव्हरेजचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागेल, कारण त्यात खरोखरच पेट्रोलचा वाटा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या घडणीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई-२०वर सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे तुमचे सतरा सोळाच्या आसपास यायला हवेत. ते चौदा झालेत. वरचे जवळजवळ दोन किलोमीटर टायमिंग, थर्मोस्टॅट आणि कार्ब्युरेटरने खाल्लेत आणि ते परत मिळवता येतात. नव्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर असतो. इथेनॉल आलं की कॉम्प्युटर पेट्रोल थोडं वाढवतो. तुमच्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही, त्यामुळे ई-२०वर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. सकाळी चोक जास्त वेळ ओढावा लागतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, ते यामुळे. मिक्स्चर स्क्रू फिरवून फक्त आयडलिंग सुधारतं. पुढचा फरक पडायला मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी मुख्य तोटी) एक नंबर मोठा घालावा लागतो. कार्ब्युरेटरचं काम जाणणारा माणूस आता मोठ्या वर्कशॉपमध्ये मिळणार नाही, जुन्या मिस्त्र्यांत शोधा. असा माणूस सापडला तर त्याला सोडू नका.

१०० ऑक्टेनचं पेट्रोल बहुतेक ठिकाणी इथेनॉलशिवाय मिळतं (पंपावर विचारून घ्या), म्हणून भाच्याच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे. त्यावर तुमचं अ‍ॅव्हरेज चौदावरून पंधरा होईल. आता शंभर किलोमीटर धरा. साध्या पेट्रोलचे सुमारे ७५७ रुपये, शंभरवाल्याचे सुमारे १०६७. दर शंभर किलोमीटरला ३१० रुपये जास्त, आणि मोबदल्यात तुमच्या इंजिनाला वापरताच येत नाही असं ऑक्टेन. ते एकाच वेळी घ्यावं असं मला वाटतं. तुम्ही दोन-तीन महिने मुलाकडे जाणार असाल आणि गाडी उभी राहणार असेल, तर जाण्याआधी टाकी त्याने भरा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत हे पाणी गंज आणि पांढरी भुकटी धरतं. उभ्या गाडीसाठी तो खर्च वाजवी आहे.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात निकडीचं. इंजिनजवळच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्यात का? १९९८ साली जे रबर वापरलं जायचं ते २० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेलं नव्हतं. अशी नळी आधी फुगते किंवा कडक होते, मग क्लिपेजवळ तिला बारीक चिरा जातात. इंजिन थंड असताना नळी दोन बोटांत धरून वाकवा. चिरा दिसल्या, बोटाला ओल लागली किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच उभी करा आणि नळी बदलल्याशिवाय चावी फिरवू नका. ठिणगी टाकणारा डिस्ट्रिब्युटर तिथून फार लांब नाही. नवी नळी इथेनॉलला चालणारीच मागा, छोट्या ग्वालटोलीत मिळेल. तुमच्या गाडीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल आहे, त्याच्या आतही रबराचा पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसत असेल, तर पंप बदला आणि ऑइलही.

तुम्ही महिन्याला तीस लिटर भरत असाल तर प्रीमियमचे जादा २४० रुपये जातात, वर्षाचे २,८८०. नळ्या, प्लग, पेट्रोल फिल्टर आणि थर्मोस्टॅट यांची बेगमी त्यातून सहज सुरू होते. ही कामं होईपर्यंत बडवाहहून येताना घाट लागला की एसी बंद करा आणि गाडी तिसऱ्यात ओढत न ठेवता आवाज यायच्या आधीच दुसऱ्यात घ्या. इंजिन जोरात फिरू दे, त्याचा त्रास नाही. कमी फेऱ्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, त्याचा त्रास आहे. आणि यजमानांची गाडी जपायची म्हणता, त्याबद्दल मला तुमचं फार कौतुक वाटतं. या इंजिनाचे भाग आजही मिळतात आणि नीट सांभाळलं तर ते अजून पुष्कळ चालेल.

प्रश्न : माझी २००७ची एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेली, हॅचबॅक आहे. गेल्या हिवाळ्यापासून ९५ ऑक्टेनचं प्रीमियम घालतो आणि अ‍ॅव्हरेज दोन किलोमीटरने वाढलंय, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. तुमच्यासारखे जाणकार प्रीमियमला नाकं मुरडतात त्याचं आश्चर्य वाटतं.
– एक वाचक, महू

उत्तर : दादा, अनुभव नाकारत नाही, पण तो कशाने आला ते शोधू या. प्रीमियममध्ये दोन गोष्टी असतात. एक ऑक्टेन, ज्याचं तुमच्या इंजिनाला विशेष काही नाही. दुसरी, इंजेक्टर आणि वॉल्व्ह साफ ठेवणारी मिश्रणं. तुमच्या गाडीला इंजेक्टर आहेत आणि ते अठरा वर्षांहून जुने आहेत. ते चोंदलेले असतील तर दोन-तीन टाक्यांत फवारा सुधारून फरक पडू शकतो. पण एकदा साफ झाल्यावर पुढच्या प्रत्येक टाकीला जादा पैसे मोजून तोच फरक पुन्हा मिळत नाही. इंजेक्टर मशीनवर एकदा साफ करून घेणं स्वस्त पडेल.

मोजता कसं, हेही महत्त्वाचं आहे. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. एकाच पंपावर, एकाच नळीने, ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, तीन-चारशे किलोमीटर चालवून पुन्हा तसंच भरा आणि भागाकार करा. वरून थेंब थेंब भरून घेऊ नका. साधं आणि प्रीमियम आलटून पालटून, एकाच ऋतूत, टायरची हवा सारखी ठेवून बघा. तुमची सुरुवात हिवाळ्यात झाली आहे, म्हणजे एसी बंद होता. महू-इंदूर रस्त्यावर एसी बंद असताना आणि चालू असताना लागणाऱ्या पेट्रोलचा फरक दोन किलोमीटर सहज असतो. मे महिन्यात हाच हिशेब पुन्हा करून मला कळवा. आकडे तुमच्या बाजूने आले तर इथे छापीन.

प्रश्न : २०१३ची टर्बो पेट्रोल गाडी जुनी घेतली आहे. टाकीच्या झाकणाच्या आत ९५ असा आकडा लिहिलाय. पहिला मालक म्हणाला, साधंच घालायचो, काही झालं नाही. मी काय घालू?
– एक वाचक, विजय नगर, इंदूर

उत्तर : झाकणावर लिहिलंय ते. टर्बोमुळे सिलिंडरमध्ये हवा दाबून भरली जाते, त्यामुळे इथे ऑक्टेन खरंच कामाला येतं. तुमच्या गाडीत नॉक सेन्सर आहे. कमी ऑक्टेन मिळालं की कॉम्प्युटर टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवतो, म्हणून पहिल्या मालकाला “काही झालं नाही”. झालं ते एवढंच की उन्हाळ्यात ताकद आणि अ‍ॅव्हरेज थोडं गेलं. साधं ई-२० आता ९५पर्यंत पोचतं, तरी या इंजिनाला थोडा वरचा आकडा मिळालेला बरा. मे-जूनमध्ये आणि लांबच्या प्रवासात ९५पेक्षा वरच्या आकड्याचं घाला. गाडी २०२३च्या आधीची आहे, म्हणून ई-२०बाबत कंपनीचं म्हणणं सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या. प्लग आणि इग्निशन कॉइल वेळेवर बदला. टर्बो इंजिनात त्यांची हयगय महागात पडते.

प्रश्न : वडिलांची १९८४ची पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडर रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, बाहेर काढतो, एरवी उभी असते. शिशाचं पेट्रोल बंद झाल्यापासून जुन्या इंजिनांना हाय ऑक्टेन घालावं असं एकाने सांगितलं. खरं का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : शिसं पेट्रोलमध्ये घालत ते ऑक्टेन वाढवायला, हे खरं. पण त्याचं आणखी एक काम होतं, ते सांगणाऱ्याने सांगितलं नाही. जळलेल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीटवर (वॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर) बसायचा आणि वॉल्व्ह आणि सीट एकमेकांना झिजवत नसत. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसं बंद झालं, आणि ते फार चांगलं झालं. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम व्हायचा. तुमच्या १४८९ सीसी इंजिनाचं हेड ओतीव लोखंडाचं आहे आणि सीट त्या लोखंडातच कापलेली. जोरात आणि लांब चालवलं तर सीट झिजते आणि वॉल्व्ह आत बसत जातो. हाय ऑक्टेन पेट्रोलने ही झीज थांबत नाही. ऑक्टेन ९५ असो की १००, शिशाचं ते दुसरं काम त्यात नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की आजचं साधं पेट्रोलही त्याला गरजेपेक्षा वरचं आहे.

वर्षातून एकदा टॅपेटची फट (वॉल्व्ह आणि तो उघडणाऱ्या भागामधली) मोजा आणि वहीत लिहून ठेवा. एक्झॉस्टच्या टॅपेटची फट वारंवार कमी झालेली आढळली तर सीट झिजतेय. गेरीपुरती गाडी काढत असाल तर बहुधा वर्षानुवर्षं काही होणार नाही. फट खरोखर कमी होत असेल तर पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा लेथच्या कारखान्यात कडक धातूच्या सीट बसवून घ्या, एक्झॉस्टच्या चारही. आणि गाडी वर्षभर उभीच असते, तर वरच्या पत्रातल्या ताईंना सांगितलं तेच तुम्हालाही : गेर झाली की टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने भरून ठेवा, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा आणि दर पंधरा दिवसांनी गाडी नीट गरम होईपर्यंत चालवा, नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका.